लाखात एक नाडी

परभणी
११ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना भक्तीचा नमस्कार.

फोन सोडून पत्र कामून, असं विचारणार तुमी. तर ऐका. तुमी फोन कानाला लावीत न्हाईत. वट्ट्यावर ठेवून मोठा आवाज करता, आन् मग मामी, शेजारचे बन्सीधर मास्तर, दूध घालायला आलेला माणूस, सगळेच माझ्याशी बोलतात. मागच्या खेपेला माझ्यासाठी स्थळ बघायलेत ही बातमी माझ्याआधी सोनपेठच्या बाजाराला कळली. म्हणून हे पत्र बंद पाकिटात, सोनपेठ गाडीच्या कंडक्टरच्या हाती.

डोळ्याच्या दवाखान्यातली माझी नोकरी आता कायम झाली. पेशंटच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकायचे, बाहुली मोठी झाली की आतल्या पडद्याचा फोटो काढायचा, आन् तो पंकजा मॅडमला दाखवायचा, एवढं माझं काम. मॅडम म्हणतात, अंग न कापता माणसाच्या रक्ताच्या शिरा उघड्या बघायच्या तर डोळ्यातच. मला तुमची आठवण झाली. तुमी मनगट धरून आतलं सांगता, आमी डोळ्यात बघून.

आता मुद्द्याचं. तुमचा मोतीबिंदू पिकलाय. मामी सांगत व्हत्या, तुमी लाईटच्या खांबाला दिनकरराव समजून रामराम घातला. एकदा या, डोळा करून घ्या. तुमी घरात येणाऱ्या प्रत्येक पोरीची नाडी बघूनच सून करता. माझी बारावीत बघितली आन् म्हणले, "पित्ताची हाय, सासऱ्याला जाब विचारील." मी वाचले, तुमचा परमेश्वरदादा पण वाचला. राजेश्री वहिनीची म्हणे लाखात एक निघाली. मग लाखातल्या त्या सुनेला घेऊनच या.

तुमची भाची,
भक्ती


सोनपेठ
१६ नोव्हेंबर २०२४

चि. भक्तीस आश्रुबा मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. सूनबाईनं वाचून दाखवलं, हेबी तीच लिहायलीय. मी सांगायलोय तसंच लिही म्हणलंय. फोनवर बोललेलं माणूस मुकरतंय. कागदावरलं मुकरता येत न्हाई, म्हणून मला कागद पसंत हाय. (मामांना फोनची बटनं दिसत न्हाईत, हे खरं कारण. — राजेश्री)

खांबाची गोष्ट तुझ्या मामीनं उठवली. मी एकदाच रामराम घातला, तोबी संध्याकाळचा अंधार व्हता म्हणून. (दोनदा. आन् दुपारी.)

डोळे बिघडले तरी माझी बोटं शाबूत हायत. तीन बोटं मनगटावर ठेवली की माणूस आरपार कळतो. तुझ्या मॅडमला थेंब लागत्यात, फोटो लागतो, बत्ती लागती. मला काय लागतंय? बाजारात बैल घेतानाबी लोक मलाच बोलावत्यात. (बैलाची नाडी शेपटाखाली बघत्यात. मामा तिथंच शिकले. हे मला लग्नानंतर कळलं, न्हाईतर हात पुढं केला नसता.)

डोळ्याचं बघू उन्हाळ्यात. आता कापूस येचायला बाया मिळंनात. तुझ्या आईला सांग, लोणच्याची बरणी परत धाड.

आश्रुबा

ता.क. भक्तीताई, मामा चहाला उठलेत तवर लिहून घेते. हे एवढंसं पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. चार ओळी झाल्या की हात भरून येतो. धुणं पिळताना डावा हात तर निम्म्यातच गळतो. आन् गंमत म्हणजे माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की घटकाभर लाईट जाती, माझ्या एकटीची. मामी म्हणत्यात चष्मा लागला, मोबाईल कमी बघ. आता आमच्या घरचा मोबाईल वट्ट्यावर असतो, तो मी कवा बघणार?


परभणी
१९ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

बरणी कंडक्टरकडे दिलीय. लोणचं आमी संपवलं.

कंसातला मजकूर मला लय आवडला. पण शेवटच्या ओळींवर मला हसू आलं न्हाई. वहिनी, हे तुझ्यासाठी, मामांना वाचून दाखवू नको. मान वर केल्यावर जो काळोख येतो तो चष्म्यानं जात न्हाई. सरकारी दवाखान्याच्या आशाताई घरोघर येतात त्यांच्याकडून बीपी मोजून घे. आन् मामांच्या मोतीबिंदूचं निमित्त कर आन् ये. तुझा डोळा मी गुपचूप बघते.

मामा, आता तुमच्यासाठी. मॅडमनं तुमची कीर्ती ऐकलीय. त्यांना तुमची तीन बोटं बघायचीत. या.

भक्ती


सोनपेठ
४ डिसेंबर २०२४

चि. भक्तीस आशीर्वाद.

तुझ्या यंत्राची फजिती ऐक. सोमवारी, दोन तारखेला, कडूबाई आशाताई बीपीचं मशीन घेऊन आली. तुझ्या मामीला लावलं, आकडा आला. मला लावलं, आला. सूनबाईच्या डाव्या हाताला लावलं तर मशीन फुगलं, फुसफुसलं आन् एरर म्हणून गप झालं. सेल बदलले. परत एरर. मामीला लावलं तर बराबर. परत हिला, एरर. कडूबाई म्हणली, उजव्या हाताला लावू का? मी म्हणलो, बाईमाणसाचा डावाच हात बघायचा असतो, आमच्यात तीच रीत हाय, मशीनसाठी रीत मोडायची न्हाई. शेवटी तिनं मशीन बिघडलं म्हणून तालुक्याला दुरुस्तीला धाडलं.

मग वट्ट्यावरल्या आठ-दहा बाया माझ्याकडं बघायल्या. मी सूनबाईचा हात धरला आन् सगळ्यांसमोर निकाल सांगितला. तुझ्या मॅडमला दाखव म्हणून लिहूनच देतो:

दाखला. माझी सून राजेश्री परमेश्वर हिच्या डाव्या हाताची नाडी मी २ डिसेंबर रोजी स्वतः बघितली. लग्न ठरताना व्हती तशीच भरलेली, लाखात एक हाय. सही, आश्रुबा. (सही माझ्या नावावर बसलीय, पण सही त्यांचीच.)

दहा तारखेला येतो. मॅडमला म्हणावं, हात धुऊन बस.

आश्रुबा

(मशीन फुसफुसलं तवा सगळ्यात जास्त मीच हसले. पण जाताना कडूबाईनं माझ्या हाताकडं जसं बघितलं, ते मला आवडलं न्हाई.)


परभणी
१४ डिसेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

मंगळवारी तुमी बाहेर बाकड्यावर थेंब घालून बसले आन् शेजारच्या पेशंटांच्या नाड्या बघायला लागले. तेवढ्यात मी वहिनीच्या डोळ्यात थेंब टाकले. तुमाला न सांगता केलं, रागवा.

फोटोत पडद्यावर बारीक लाल ठिपके दिसले. मॅडम म्हणल्या साखर असंल, पण साखर न्हाई. मग त्यांनी फोटो मोठा केला. डोळ्यातून मेंदूकडं जी नस जाते, तिचं तोंड गोल दिसतं. त्या गोलाभवती बारक्या शिरा एकमेकींना जुळून कडं झालं व्हतं. बाया डोक्यावर घागर घ्यायला चुंबळ करतात ना, तशी चुंबळ. मी वर्षभरात हजार डोळे बघितले असतील, असं कडं बघितलं न्हाई. मॅडम उठल्या आन् वहिनीचं मनगट धरलं.

डाव्या हाताला नाडी न्हाई. उजव्याची लागते, पण लय बारीक. मग पायाचं बीपी घेतलं तर ते चढलेलं. तुमी म्हणाल, आता शेपटाखालचंबी घ्या. पण ह्यात चेष्टा न्हाई, मामा. ह्या दुखण्याला टाकायासू म्हणतात. शंभर वर्षांमागं जपानातल्या एका डोळ्याच्या डॉक्टरनं एका तरण्या पोरीच्या डोळ्यात असंच कडं बघितलं, त्याचं नाव पडलं. अंगाची राखणदार फौज उलटते आन् स्वतःच्याच मोठ्या रक्तवाहिन्यांवर तुटून पडते. त्या सुजतात, अरुंद होतात. मानेतून वर रक्त पुरंना झालं म्हणून वहिनीची लाईट जाते, हाताला पुरंना म्हणून हात गळतो. कडूबाईचं मशीन चांगलं व्हतं. इलाज न्हाई केला तर डोळे जाऊ शकतात, त्याहून वाईटबी होऊ शकतं.

उद्या परमेश्वरदादा वहिनीला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय. मॅडमनं विचारलं, ह्या हाताची नाडी आधी कोणी बघितली व्हती का? मी ताठ मानेनं तुमचा दाखला पुढं केला. त्यांनी तो फाईलला टाचला. बघा, तुमची बोटं आमच्या कामाला आली.

भक्ती


सोनपेठ
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. कां. भक्ती हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाई नांदेड मुक्कामी असल्याने प्रस्तुत पत्र श्री. बन्सीधर मास्तर यांच्या हस्ते लिहविले आहे. तुझे दिनांक १४ चे पत्र वाचून घरात चिंतेचे वातावरण आहे. मामी दोन दिवस जेवली नाही. सुनेला कामचुकार म्हटल्याबद्दल ती स्वतःस दोष देत आहे.

नाडीसंबंधी मी पूर्वी दिलेल्या दाखल्यात कोणताही फेरबदल नाही. तो कायम समजावा.

आपला,
आश्रुबा
(लेखनिक: बन्सीधर, सेवानिवृत्त मुख्याध्यापक)


परभणी
१७ डिसेंबर २०२४

मामा,

हे पत्र मास्तरांना दाखवू नका. कंडक्टरला सांगितलंय, तुमच्याच हातात द्यायचं. अक्षर मोठं काढलंय, उन्हात धरून एकेक शब्द वाचा.

नांदेडला फोटो निघाले. डाव्या हाताची मोठी शीर बंद हाय. तिथले शिरांचे डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांमागं नाडी भरलेली व्हती असा दाखला हाय, म्हणजे ही ताजी रक्ताची गाठ अडकली. गुरुवारी हात उघडून गाठ काढायची. पंकजा मॅडम म्हणतात, तसं न्हाई. पुलाचं काम निघालं की गाड्या शेतातून वाट पाडतात, पण वाट पडायला दिवस लागतात. वहिनीच्या डोळ्यातल्या त्या आडवाटा वर्षानुवर्षांच्या हायत. दुखणं जुनं हाय आन् शीर आतून सुजलेली हाय. अशा शिरेला आता सुरी लावली तर आणखी बिघडंल, आधी गोळ्यांनी सूज उतरवायची.

फाईलीत दोन साक्षीदार हायत मामा. एक डोळ्याचा फोटो, दुसरा तुमचा दाखला. दोघं खरे असू शकत न्हाईत.

तुमी मास्तरांकडून "कायम समजावा" लिहून घेतलं तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुमी एवढी सुतकी मराठी खरं बोलताना बोलत न्हाईत. फोन केला असता, पण वट्ट्यावर तुमी खरं सांगणार न्हाईत. दोन तारखेला तुमच्या बोटांना काय लागलं, तेवढं सांगा. उद्याच्या पहिल्या गाडीनं जवाब यायला पाहिजे.

तुमी म्हणले व्हते ना, ही पोरगी जाब विचारील. विचारते.

भक्ती


सोनपेठ
१८ डिसेंबर, सकाळ

भक्ते,

माझ्या हातानं लिहायलोय. वळी एकमेकीवर चढल्या असतील, सोसून घे.

लागली न्हाई.

दोन तारखेला लागली न्हाई. आन् पालमला पोरगी बघायला गेलो त्या दिवशीबी लागली न्हाई. चार वर्षं झाली.

पालमला बैठकीत तीस माणूस व्हतं. पोहे झाले, पोरीनं डावा हात पुढं केला. मी तीन बोटं ठेवली. काहीच न्हाई. दाबून बघितलं, जागा बदलली, तीनदा बदलली. मला वाटलं माझी बोटं मेली. म्हातारा झालो. न्हाई लागली म्हणलो असतो तर तीस माणूस माझ्यावर हसलं असतं, बाजारात कोणी बैलसुद्धा दाखवला नसता. म्हणून छाती काढून म्हणलो, लाखात एक हाय.

घरी येऊन माझी नाडी बघितली. लागली. मामीची बघितली, तिचीबी लागली. म्हणजे बोटं जिती व्हती. मला त्याच दिवशी कळलं की काहीतरी येगळं हाय. तरी गप बसलो. पोरगी हसायची, राबायची, मला बरं वाटायचं. दोन तारखेला परत तेच खोटं बोललो, आन् ते तिच्याच हातानं लिहून घेतलं. ह्याची मला लय शरम वाटायलीय.

दाखला फाडू नको. कागदावरलं मुकरता येत न्हाई असं मीच म्हणलो व्हतो. त्याच्यावर हा कागद लाव.

हे कंडक्टरकडं देत न्हाई. मीच गाडीत बसलोय. परभणीला तुझ्या हातात देईन, तिथून आपण दोघं रेल्वेनं नांदेडला जाऊ. डॉक्टरसमोर माझ्या तोंडून निघणार न्हाई. तू कागद दे, मी बाजूला उभा राहीन.

आश्रुबा


परभणी, भक्तीताईचं घर
२० जानेवारी २०२५

(पाकिटावर: मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. मास्तरांनी फोडू नये. डोळा झाल्याशिवाय मामींनी देऊ नये.)

ती. मामांना राजेश्रीचा नमस्कार.

हे वाचायलात म्हणजे मोतीबिंदू निघाला. भक्तीताई म्हणली, ह्या माणसाला ऑपरेशनला न्यायचं तर दुसरी तोड न्हाई, ह्यांना बंद पाकीट द्या. उत्सुकतेपुढं मामांचं काही चालत न्हाई.

माझं सांगते. हात उघडला न्हाई. गोळ्या चालू हायत, लय कडक. तोंड भाकरीवानी गोल झालंय, मामी बघून खूश होतील. मान वर केली तर आता लाईट जात न्हाई. मॅडम म्हणतात डाव्या हाताची नाडी परत येईलच असं न्हाई, पण डोळे वाचले, जीवाचं भ्यावबी सरलं. दर पंधरा दिवसांनी ताई चुंबळीचा फोटो काढती. काल म्हणली, ठिपके कमी झाले. गोळ्या लय दिवस घ्यायच्यात.

आता तुमचा कागद. फाईल माझीच हाय, मी वाचला. मला राग आला मामा, चार दिवस आला. चार वर्षं धुणं पिळताना हात गळायचा आन् मी स्वतःलाच आळशी म्हणायचे.

पण एक माझंबी ऐका. पालमच्या कॉलेजात एकदा नर्सबाई आल्या व्हत्या. त्या म्हणल्या, ह्या पोरीच्या डाव्या हाताला नाडीच लागंना. आई म्हणली, कुणाला सांगू नको, सोयरीक मोडंल. तुमी बघायला आले त्या दिवशी मी तोच डावा हात पुढं केला. तुमच्या बोटांनी तीनदा जागा बदलली, ती मी मोजली. मला वाटलं, संपलं. आन् तुमी म्हणले, लाखात एक.

मला वाटलं ह्या माणसाला सगळं कळलंय, आन् कळून सवरून मला घरात घ्यायलाय. मी तुमाला देव समजले. चार वर्षं देव समजून तुमची पत्रं लिहिली. आन् तुमाला नुसती माणसांची लाज वाटली व्हती.

दोघंबी गप बसलो. तुमी इज्जतीसाठी, मी घरासाठी. तुमी पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणून हे लिहायलेय. न्हाईतर मी मरेपर्यंत सांगितलं नसतं.

राजेश्री


सोनपेठ
८ फेब्रुवारी २०२५

चि. सूनबाई राजेश्रीस आशीर्वाद.

चौथ्या दिवशी डॉक्टरनं वाचायची परवानगी दिली. पहिलं तुझं पाकीट फोडलं. मामी म्हणली, गाथा वाच आधी. मी म्हणलो, थांब.

तू मला देव समजलीस हे वाचून तोंड लपवायला जागा सापडंना. आता ते समजू नको. सासरा समज, तेवढं पुरंल.

परवा गल्लीतल्या सूर्यभानच्या पोरासाठी पोरगी बघायला मला नेलं. मी नको म्हणत व्हतो. पोहे झाले, पोरीनं हात पुढं केला. मी दोन्ही हात बघितले, डावाबी, उजवाबी. दोन्हीकडं ठणठणीत लागली. तरी सगळ्यांसमोर म्हणलो, "मला बैलाची कळती, माणसाची न्हाई. पोरीला एकदा दवाखान्यात दाखवा, आन् पोरालाबी दाखवा." मग पोरीची आजी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आता बाजारात पोरं मला शेपूट मामा म्हणायलीत. म्हणू दे.

कडूबाईचं मशीन तालुक्याहून परत आलं. मी तिला सांगितलं, दोन्ही हाताला लावत जा, कोणी रीत काढली तर माझं नाव सांग.

तू घरी ये. गोळ्या इथंबी घेता येत्यात, फोटोला दर पंधरा दिवसांनी मी तुला गाडीनं घेऊन जाईन. धुणं परमेश्वर पिळायलाय, वाईट पिळतो. पत्रं आता मी स्वतः लिहितो, पण वाचताना करमंना. माझी खोट पकडायला कंसात कोणीच न्हाई.

म्हणून खाली एक गोष्ट लिहितो आन् पुढं कंस मोकळा सोडतो. त्यात तुझं लिही आन् हाच कागद कंडक्टरकडं परत धाड.

लाईटच्या खांबाला मी एकदाच रामराम घातला व्हता.

(दोनदा. उद्याच्या पहिल्या गाडीनं येते. — राजेश्री)